हिवरानगरचे शेवटचे पत्रे

नाशिकरोडहून सकाळची गाडी वेळेवर सुटली. हे आरंभीच नमूद करतो, कारण त्यानंतरच्या दोन दिवसांत दुसरे काहीही वेळेवर झाले नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

छत्रपती संभाजीनगरला निघालो असे कळताच आमच्या इमारतीतील प्रत्येकाने वेरूळ आणि अजिंठा यांविषयी सूचना केल्या. त्या मी ऐकून घेतल्या. मी निघालो होतो एका घराचा स्लॅब पाहण्यास. कचरूचा फोन आला होता. "साहेब, घराचा स्लॅब हाय. तुमी यायलाच लागतंय," एवढेच बोलून त्याने फोन ठेवला होता. पूर्वीही तो असाच बोलत असे.

कचरू कोण, ते सांगितले पाहिजे. मी भूमापन खात्यात नोकरी केली. या शहराचे नाव औरंगाबाद होते तेव्हा काही वर्षे माझी नेमणूक तेथे होती. जमीन मोजताना साखळीचे एक टोक माझ्या हातात असे, दुसरे कचरूच्या. त्यामुळे आम्हा दोघांत नेहमी ठराविक अंतर राहिले. मैत्री टिकण्यास ते पुरले.

सामान थोडे होते. दोन सदरे, पंचा, औषधांची डबी, पाण्याची स्टीलची बाटली, आणि पत्नीने स्वतः दुकानात जाऊन निवडलेला आहेर: एक हिरवे लुगडे, एक टॉवेल, एक टोपी. घर बांधणाऱ्याकडे रिकाम्या हाताने जाऊ नये, असे तिचे म्हणणे. ते योग्यच होते.

मनमाडनंतर गाडीने शिस्त सोडली आणि प्रत्येक स्थानकावर विसावा घेऊ लागली. मे महिन्याची अखेर होती. दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली काळी शेते, बांधावर तुराट्यांचे भारे, क्वचित एखादे कडुलिंबाचे झाड आणि त्याच्या सावलीत मावतील तेवढी माणसे व जनावरे. लासूर स्टेशनला गाडी बराच वेळ थांबली. मी उतरून फलाटावरील नळाला बाटली काठोकाठ भरून घेतली. समोर बसलेल्या कांद्याच्या व्यापाऱ्याने ते पाहिले आणि म्हणाला, "बरं केलं काका. पुढं संभाजीनगरात पाणी पाव्हण्याला मिळतं, घरच्याला नाय." मला ती अतिशयोक्ती वाटली. ती नव्हती.

स्टेशनावर कचरू उभा होता. केस पांढरे झाले आहेत, पाठ ताठ आहे. त्याने माझी पिशवी घेतली आणि रिक्षावाल्याला "हिवरानगर" असे सांगितले.

"जुनं हिवरानगर, नवं हिवरानगर का विस्तारित?" रिक्षावाल्याने विचारले.

मी कचरूकडे पाहिले. तो रिक्षाबाहेर पाहून हसत होता. कारण हिवरानगर या नावाचे काही अस्तित्वात नव्हते तेव्हा आम्ही दोघांनी ती जमीन मोजली होती. शहराच्या पूर्वेला, चिकलठाण्याच्या कारखान्यांपलीकडे, ज्वारीची धसकटे उभी असलेले एक माळरान. मध्ये हिवराचे (बाभळीच्या जातीतील, पांढऱ्या सालीचे काटेरी झाड) एकच झाड. त्याच्या आसपास गोणपाटाच्या काही झोपड्या. कारखान्यांत रोजंदारी करणारी माणसे तेथे राहत. दुपारी त्या झाडाखाली आम्ही भाकरी खाल्ली होती. कचरूने तेव्हा चारी दिशांना पाहून, येथे एखादा तुकडा घ्यावा म्हणतो, असे सांगितले होते. मी त्याला या ओसाडीत येऊन राहील कोण, असे विचारले होते.

रिक्षा जालना रोड सोडून आत वळली तेव्हा त्या प्रश्नाचे उत्तर चारी बाजूंनी दिसू लागले. तीन-चार मजली घरे, त्यांच्या तळाशी दुकाने. एका पाटीवर पीठगिरणी आणि पासपोर्ट फोटो, दुसरीवर व्यायामशाळा, तिसरीवर इंग्रजी संभाषणाचे वर्ग. स्कुटीवरून जाणाऱ्या मुली, हातगाड्यांवर खरबुजे, एका कोपऱ्यात तळल्या जाणाऱ्या इमरत्या. रस्ता माणसांनी इतका भरलेला की रिक्षावाला भोंगा न वाजवता नुसते "सरका मामा, सरका मावशी" असे म्हणत होता. लोकही घरच्या माणसाने सांगावे तसे सरकत होते.

"माणसं किती असतील इथे?" मी विचारले.

"मोजायला साखळी पुरायची नाय, साहेब," कचरू म्हणाला.

घर पाहण्याआधी त्याने मला गल्ल्यांतून फिरवले. येथील प्लॉट गुंठेवारीचे (शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्याने पाडलेले, मंजुरीवाचून विकलेले तुकडे). ज्या बाजूची माणसे आधी आली, त्यांच्या गावाचे नाव गल्लीला पडले. कन्नड गल्ली, लासूर गल्ली, बिडकीन गल्ली. गावचा माणूस गावच्या माणसाशेजारी जागा घेई. पुढे जागा संपत आल्या तसा हा नियम मोडला आणि आता कन्नड गल्लीत निम्मी घरे मुसलमान कुटुंबांची आहेत. तीही स्वतःला कन्नड गल्लीची म्हणवतात. रस्ते एकावर एक थर चढत उंच झाले. त्यामुळे जुन्या घरांत दोन पायऱ्या उतरून जावे लागते, नव्या घरांत तीन पायऱ्या चढून. कोणते घर केव्हाचे, हे उंबरठ्यावरून समजते.

घरांची वयेही कचरूने सांगितली. आधी गोणपाट, मग तुराट्यांचा कूड, मग विटांची भिंत आणि वर पत्रे, शेवटी स्लॅब. पत्र्यांविषयी या वसाहतीत एक रीत आहे. ज्याचा स्लॅब होईल त्याने जुने पत्रे विकायचे नाहीत. वस्तीत सर्वांत शेवटी आलेल्या कुटुंबाला ते द्यायचे. कचरूचे पत्रे असेच कोणाकडून आले होते, त्याच्याकडे ते आणखी कोणाकडून. प्रत्येक घराच्या वाशांची जागा वेगळी, म्हणून प्रत्येक वेळी खिळे नव्या जागी. जुनी भोके डांबराने बुजवलेली. दोन मुलींची शिक्षणे होईपर्यंत कचरूने त्याच पत्र्यांखाली दिवस काढले. आता एक पुण्यात परिचारिका आहे, दुसरी जालन्यास शिक्षिका. कन्नड गल्लीत पत्र्याचे घर त्याचे एकट्याचेच उरले होते.

ते घर गल्लीच्या वळणावर आहे. गल्ली सरळ येते, हिवराच्या झाडाला वळसा घालते आणि पुन्हा सरळ जाते. झाड तेच. मी ओळखले. त्याने मला ओळखले असावे असे मानण्यास काही आधार नाही.

घरावर छप्पर नव्हते. भिंतींवर सेंटरिंगच्या फळ्या, त्यांवर लोखंडी सळ्यांची जाळी बांधून तयार होती. बांधकामामुळे नवराबायको मागच्या बाजूच्या बिडकीन गल्लीत एका खोलीत भाड्याने राहत होते. कचरूची बायको भागूबाई त्या खोलीच्या दारातच होती. तिने मला पाणी दिले, चहा दिला आणि मी लुगड्याची पिशवी पुढे करताच हात मागे घेतला.

"स्लॅबाला कापड घेत नसतेत, भाऊ. तुमचं तुमच्यापाशी राहू द्या."

मग दुसरी रीत समजली. स्लॅबला पाणी फार लागते, आणि येथे नळ कित्येक दिवसांनी एकदा येतो. म्हणून ज्या दिवशी एखाद्याचा स्लॅब असेल, त्या दिवशी गल्लीतील प्रत्येक घर आपापल्या पिंपातील पाणी आणून देते. याला पाण्याचा आहेर म्हणतात. तो कोणी मागायचा नाही. देणाऱ्यानेही आधी बोलून दाखवायचा नाही. कन्नड गल्लीत जेवढे स्लॅब झाले, तेवढ्यांना भागूबाईने पाणी दिले होते. उद्या प्रथमच तिच्या दारी ते यायचे होते.

अडचण एकच होती. नळाचा दिवस आजचा होता. संध्याकाळ झाली, दिवे लागले, तरी नळाने नुसती हवा सोडली. कोठेतरी मोठी वाहिनी फुटली, असे कोणीतरी सांगितले. भागूबाईने नळाखालची रिकामी कळशी उचलून भिंतीशी पालथी घातली आणि भाकरी थापायला बसली.

"पुढच्या आठवड्यावर ढकलावे," मी सुचवले.

त्यावर कचरूने मला सर्व समजावून सांगितले. मिस्त्री आणि त्याची टोळी लासूरकडची. उद्याचे काम झाले की ती सगळी पेरणीसाठी गावी जाणार, ती पावसाळा संपल्यावर उगवणार. सेंटरिंग भाड्याचे. आणि घरावर पुन्हा घालायला पत्रे नाहीत. ते दोनच दिवसांपूर्वी सोजरला देऊन टाकले होते.

सोजर ही वस्तीच्या टोकाला राहणारी तरुण बाई. कन्नडच्या घाटाखालच्या धनगरवाडीतून नवऱ्याबरोबर नुकतीच आलेली. नवरा बिडकीनजवळच्या नव्या औद्योगिक वसाहतीत मजुरी करतो. परवाच्या वळवाच्या वाऱ्याने त्यांची ताडपत्री उडाली आणि भागूबाईने स्लॅबची वाट न पाहता सगळे पत्रे त्याच संध्याकाळी तिकडे पाठवले. म्हणजे उद्या स्लॅब पडला नाही तर भागूबाईचे घर पावसाळाभर उघडे राहणार होते.

"आणि गल्लीत पाणी नाय," कचरू म्हणाला.

"गल्लीचं गल्ली बघंल," भागूबाई म्हणाली. "तू मागायला जायचं नाय. आहेर मागून आणत नसतेत."

जेवण उत्तम होते. शेंगोळे (कुळथाच्या पिठाचे कडबोळ्यासारखे तुकडे, लसणाच्या तिखट रश्श्यात शिजवलेले) आणि ज्वारीची भाकरी. नंतर मी कन्नड गल्लीतून एक फेरी मारली. उष्मा विलक्षण होता. प्रत्येक खिडकीला कूलर बसवलेला, पण बहुतेक कूलर बंद. जे चालू होते तेही कोरडेच खडखडत होते. लोक गच्चीवर आणि ओट्यावर वारा घेत पडले होते. इतके कूलर विकत घेऊन एकही नीट चालू ठेवता येऊ नये, याचे मला नवल वाटले. परत येऊन झोपलो.

सकाळी माझ्याकडून एक चूक झाली. भागूबाईने अर्धी बादली पाणी दिले. मी ते रीतसर अंगावर घेऊन बाहेर आलो. मोरीत मोठी परात का ठेवली होती, ते नंतर समजले. अंघोळ परातीत बसून करायची आणि खाली साचलेले पाणी बांधकामाच्या विटांवर शिंपडायचे. मी परात भिंतीला उभी करून ठेवली होती.

"साहेबांनी विटांचा वाटा गटाराला वाहिला," भागूबाई शांतपणे म्हणाली. कचरू तोंड फिरवून हसला. मी परात पुन्हा मोरीत आडवी ठेवली. बचाव नव्हता.

आम्ही घरापाशी आलो तेव्हा बाबू मिस्त्री आणि त्याची टोळी आलेली होती. मिक्सर गल्लीच्या तोंडाशी उभा होता. आत तो मावत नाही. खडी, वाळू, सिमेंट सर्व जागेवर. दाराशी निळी पिंपे मांडलेली होती. एकात कचरूने जमवलेले पाणी होते. बाकीची रिकामी.

गल्ली आपल्या कामात होती. कोणी दात घासत होते, कोणी दुचाकी पुसत होते. बायका आमच्याकडे पाहत आणि आत जात. पाणी घेऊन कोणी आले नाही.

ऊन चढू लागले. बाबू मिस्त्री तंबाखू मळत भागूबाईपुढे येऊन उभा राहिला.

"मावशी, मशीन चालू करू का माघारी नेऊ? एकदा कालवायला घेतलं की मधी थांबता येत नाय. अर्धा स्लॅब म्हंजी फुकटचं मरण."

"थांब थोडं."

"थांबतो की. पण उन्हाच्या आत सुरू नाय झालं तर मी गाडी भरणार. मिरगाचा पाऊस कुणासाठी थांबत नाय."

भागूबाई विटांच्या ढिगावर बसली होती. पदर नीट केलेला, नजर समोर. कचरू मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, तिला राग नाही आला, तिला लागलंय. आजवर प्रत्येकाच्या दारात पहिला हंडा तिचा गेला. आज लोकांकडे पाणी नाही, हे तिला कळते. पण कोणी येऊन तसे सांगतही नाही, तोंड चुकवतात, हे तिला सहन होत नाही.

मला हे पटले नाही. जी माणसे दुचाकी पुसण्यास पाणी वापरतात, त्यांच्याकडे पाणी अजिबात नाही असे नसावे. मागायचे नाही हा नियम गल्लीचा होता. मी गल्लीचा नव्हतो. चहा पिऊन येतो असे सांगून मी निघालो.

गल्लीच्या तोंडाशी शकीलचे कूलर दुरुस्तीचे दुकान आहे. शकील कचरूच्या समोरच्या घरातला, चाळिशीचा माणूस. बाहेर बाकडे होते. मी बसलो. त्याने चहा मागवला. मी त्याला सरळ विचारले, की भागूबाईच्या स्लॅबला कोणी पाणी का आणीत नाही.

त्याने कप खाली ठेवला.

"स्लॅब? आज है?"

मिक्सर तुमच्या दुकानापुढे उभा आहे, असे मी म्हणालो.

"साब, मिक्सर तो खडा रहता है. नल आया नई, तो हमकू लगा मावशीने दिन आगे किया." मग त्याने माझ्यासाठी मराठी धरली. "पत्रा कुठं अंथरला? पत्रा अंथरल्याबिगर आमाला कळायचं कसं?"

तेव्हा तिसरी रीत समजली. पूर्वी मिक्सर नव्हते. घराचा जुना पत्रा काढून गल्लीत अंथरीत आणि त्यावर वाळू-सिमेंट कालवीत. आता मिक्सर आला, तरी आदल्या संध्याकाळी एक पत्रा दारापुढे अंथरण्याची पद्धत राहिली. पत्रा दिसला की उद्या स्लॅब आणि सकाळी पाणी न्यायचे, असे गल्ली समजते. बोलावणे नाही, सांगणे नाही. भागूबाईने पत्रे आधीच सोजरला दिले होते आणि स्वतः मागच्या गल्लीत राहत होती. अंथरायला घरात पत्राच नव्हता, म्हणून अंथरण्याची आठवणही नवराबायकोंपैकी कोणाला झाली नाही.

"पण पाणी आहे का तुमच्याकडे?" मी विचारले. "नळ तर आला नाही."

शकील उठला. दुकानाच्या मागचे दार त्याने उघडून दाखवले. झाकण लावलेली पिंपे भिंतीपासून भिंतीपर्यंत उभी होती.

"मागच्या नळापासून कन्नड गल्लीत एका कूलरात पाणी पडलं नाय, चाचा. मावशीसाठी ठेवलंय समद्यांनी. मेरा तो धंदाच बैठ गया. सूखा कूलर, और दुरुस्तीवाला मैं. लोक म्हणतेत, शकील, कूलर राहू दे, आधी पाणी साठव."

मी चहा अर्धा टाकला. ही माझी सवय नाही.

परतलो तेव्हा शकील माझ्या पुढे होता. तो वाटेतूनच ओरडू लागला. "मावशी, पत्रा किधर है? पत्रा अंथरला नाय आन् आमच्यावर तोंड फुगवून बसली?"

भागूबाईला प्रथम काही समजले नाही. मग कचरूने कपाळावर हात मारला आणि तो आवाज मला स्पष्ट ऐकू आला. दारांतून माणसे बाहेर आली. आज आहे का, आजच आहे का, मग सांगितले का नाही, असे सर्व एकदम बोलू लागले. कूलरची गोष्ट कोणीतरी सांगितली. ती ऐकून भागूबाई विटांवरून उठली.

"इतक्या दिवसांच्या उन्हात लेकरं कोरड्या वाऱ्यात झोपवली? अकला हायेत का तुमच्या?"

एवढे बोलून तिने पदर डोळ्यांना लावला आणि लगेच काढला. सर्वांनी दुसरीकडे पाहिले.

शकील आपले पिंप ढकलत आणू लागला, तेव्हा तिनेच त्याला अडवले. "थांब. पत्रा पडल्याबिगर पाणी घ्यायचं नाय."

"आता कशाला मावशी? मिस्त्री पळून जाईल."

"तुझ्या स्लॅबाला तू पत्रा अंथरला नव्हतास, तवा म्या हंडा माघारी नेला होता, पत्रा पडल्यावरच आणला. ध्यानात हाय का?"

"आहे की," शकील म्हणाला. "आज त्याचंच वसूल करायला आलो होतो."

गल्ली हसली. भागूबाईही हसली. बाबू मिस्त्री हसला नाही. त्याने आकाशाकडे पाहून तंबाखू थुंकली. कचरू वस्तीच्या टोकाकडे निघाला होता, पण बातमी त्याच्या आधी पोचलेली होती. गल्लीच्या वळणावर, हिवराच्या झाडाखालून, एक पत्रा चालत येताना दिसला. खाली दोन पाय होते. पत्रा डोक्यावर आडवा धरून सोजर येत होती. गल्ली अरुंद, पत्रा लांब; त्यामुळे प्रत्येक ओट्यावरचा माणूस मागे झुकून तिला वाट देत होता. तिने आपल्याच छपराचा एक पत्रा नवऱ्याकडून काढून घेतला होता. दारापुढे येऊन तिने तो जमिनीवर ठेवला. पत्रा खणखणला. डांबराच्या काळ्या ठिपक्यांनी तो भरलेला होता.

"तुमचाच हाय, आत्या," ती म्हणाली. "काम झालं की मी माघारी नेते. आज काय पाऊस येत नाय."

भागूबाईने पत्र्यावर पसाभर वाळू टाकली, चिमूटभर हळद टाकली आणि मिस्त्रीकडे वळून म्हणाली, "कर सुरू."

त्यानंतर जे पाणी आले तसे मी पाहिलेले नाही. पिंपे ढकलत आली, बादल्या आल्या, कळश्या आल्या. शकीलची म्हातारी आई पिण्याच्या पाण्याचा जार पुढे लोटीत घेऊन आली. एका घरातून प्रेशर कुकर भरून आला, कारण बाकीची भांडी आधीच लागली होती. मिक्सर फिरू लागला. घमेली हातोहात निघाली. मिस्त्रीची टोळी पुरेना तेव्हा गल्लीतील माणसे रांगेत उभी राहिली. इंग्रजी संभाषणाच्या वर्गाचे मास्तरही होते. ते सर्वांना मराठीतच ओरडत होते. रांगेत कचरू आणि शकील यांच्यामध्ये जागा रिकामी होती. मी सदऱ्याच्या बाह्या सारल्या. काही घमेली माझ्या हातून गेली. मग कचरूने मला धरून खुर्चीवर बसवले. त्याचे बरोबर होते.

बसल्यावर मला एक गोष्ट सुचली. मी पिशवीतून स्टीलची बाटली काढली, पिंपापाशी गेलो आणि ती त्यात उपडी केली. लासूरचे पाणी होते. एका घोटापेक्षा अधिक मी प्यालो नव्हतो.

भागूबाईने ते पाहिले. "परातीचं फिटलं, भाऊ," ती म्हणाली.

दुपार कलण्याच्या सुमारास शेवटचे घमेले वर गेले. बाबू मिस्त्रीने फळी फिरवून स्लॅब सपाट केला आणि कडेने खाली पाहत प्रथमच हसला. मग येसर आमटी (भाजलेल्या धान्यांचे व मसाल्याचे पीठ लावून केलेली मराठवाड्यातील समारंभाची आमटी), भात आणि बुंदी असे जेवण झाले. पंगत गल्लीतच बसली. सोजरला भागूबाईने आपल्या शेजारी बसवले. बुंदी वाढताना शकीलने जाहीर केले, की उद्यापासून स्लॅबावर पाणी बांधायचे आहे, म्हणून त्याचा धंदा आणखी काही दिवस बंदच राहील. स्लॅब भिजत ठेवावा लागतो. त्या पाण्याच्या पाळ्या पंगतीतच ठरल्या. कूलर अर्थात कोरडेच राहणार होते. कोणी कुरकुर केली नाही. उकाड्याबद्दल मात्र सर्वांनी मनसोक्त तक्रार केली.

संध्याकाळी सोजर आपला पत्रा घेऊन गेली. आता तिच्यानंतर वस्तीत कोणी आले, तर तो पुढे जाईल. मी कचरूला विचारले, येथे जागा तरी उरली आहे का. त्याने पलीकडच्या माळाकडे बोट दाखवले. तेथे नांगरटीच्या कडेला दोन ताडपत्र्या उभ्या होत्या.

"या ओसाडीत येऊन राहील कोण, साहेब?" तो म्हणाला.

इतकी वर्षे त्याने हे वाक्य जपून ठेवले होते.  

दुसऱ्या सकाळी निघालो. कचरू स्टेशनावर आला होता.  गाडी हलल्यावर त्याने हात वर केला. साखळी ताणली गेली की तो असाच हात वर करीत असे.

डब्यात उकाडा होता आणि बाटली कोरडी होती. तशीच लासूरपर्यंत नेली. वाटेत मी विचार केला. आयुष्यभर मी जमिनी मोजल्या. हद्द कोठे संपते ते सांगणे हे माझे काम होते आणि ते मी चोख केले. ज्या जागी मला हद्दीपलीकडे काही दिसले नव्हते, तेथे एवढे मोठे नगर उभे राहिले. त्याचा आराखडा कोणी काढला नाही. तो पत्र्यांवरून पत्र्यांवर आणि पिंपातून पिंपात पुढे सरकला. माझ्या साखळीने तो मोजता आला नसता. हे मान्य करण्यात मला अडचण वाटत नाही.

लासूरला बाटली भरली. घरी पोचलो तेव्हा पत्नीने पिशवी उघडली आणि तिला आत हिरवे लुगडे, टॉवेल आणि टोपी जशीच्या तशी दिसली. तिने विचारले, आहेर परत का आणला. तेथे कापडाचा आहेर चालत नाही, असे मी सांगितले.

"मग दिलंत काय त्यांना?"

"एक बाटली पाणी."

 मी विनोद करीत नाही, हे तिला ठाऊक आहे. मग ती आत गेली आणि स्वयंपाकघरातला वाहता नळ बंद झाल्याचा आवाज आला.